आजी रिटायर कधी होते?

एक सोपं गणित सोडवा बघू. एक गुरुजी 23 व्या वर्षी नोकरीला लागले आणि राज्य सरकारच्या नियमाप्रमाणे 58 व्या वर्षी निवृत्त झाले. तर त्यांनी किती वर्षं नोकरी केली? 35 वर्षं. शाब्बास!

आता दुसरं गणित. एक मुलगी 18 व्या वर्षी लग्न होऊन सासरी आली. दुसऱ्या दिवशी पहाटे उठून ती चुलीपुढं बसली. आज ती 70 वर्षांची आहे. तर ती निवृत्त कधी होणार?

का, अडलात ना? अडणारच! कारण या गणिताचं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर दिलेलंच नाही. ते आज आपण मिळून शोधायचं आहे.

त्यासाठी आपण बोरीला जाऊ या. परभणीहून जिंतूरकडे निघालं, की झरी ओलांडल्यावर बोरी लागतं. जिंतूर तालुक्यातलं हे मोठं गाव. आजूबाजूला काळी जमीन आणि त्यात कापूस, सोयाबीन, तूर, ज्वारी. अशा गावात निवृत्त झालेली मंडळी बरीच असतात. कुणी शाळेत गुरुजी होते, कुणी एस.टी.त ड्रायव्हर, कुणी तलाठी, कुणी पोस्टमन. ज्या दिवशी नोकरी संपते, त्या दिवशी कचेरीत निरोप समारंभ होतो. शाल, श्रीफळ, हार, भाषणं आणि पेढे! दुसऱ्या दिवसापासून घड्याळाकडे बघायचं कारण नाही.

मग हे आजोबा दिवसभर काय करतात? सकाळी फिरून येतात. पारावर बसून वर्तमानपत्राचा शब्द न् शब्द वाचतात. संध्याकाळी देवळात हरिपाठाला जातात. कार्तिकात पहाटे काकड्याला आणि गावात सप्ताह बसला की वीणेच्या पहाऱ्याला हजर! कुणी परसात भाजी लावतो, कुणी गल्लीतल्या मुलांना पाढे शिकवतो, कुणी बँकेत जाऊन अडाणी माणसाची पावती भरून देतो. ‘रिकामे उद्योग’ असं म्हणून याला कुणी हसू नये, बरं का! गावाची निम्मी कामं या रिकाम्या माणसांमुळेच होतात.

निवृत्तीनंतरचं काम

निवृत्तीनंतर माणूस किती काम करू शकतो, याचं एक उदाहरण सांगतो. महर्षी धोंडो केशव कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवत. 1914 साली ते तिथून निवृत्त झाले, तेव्हा त्यांचं वय 56 होतं. आता आराम करायचा, असं त्यांनी ठरवलं का? छे! दोनच वर्षांनी, 1916 साली, त्यांनी स्त्रियांसाठी विद्यापीठ काढलं. वयाच्या 71 व्या वर्षी ते परदेशच्या प्रवासाला निघाले. खेड्यांत शाळा नाहीत, म्हणून 1936 साली त्यांनी ग्रामीण प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढलं. तेव्हा ते 78 वर्षांचे होते. माणसामाणसांत भेद नसावा, म्हणून 1944 साली समता संघ काढला. तेव्हा वय 86! 1958 साली, शंभराव्या वर्षी, त्यांना भारतरत्न मिळालं. त्यांच्या कामाची बरीच वर्षं निवृत्तीच्या नंतरची आहेत, हे लक्षात आलं का?

दुसरं उदाहरण अलीकडचं. मारुती चितमपल्ली हे वनखात्यात नोकरीला होते. 1990 साली ते निवृत्त झाले. नोकरीत असताना जंगलात त्यांनी पक्षी पाहिले, आदिवासींकडून पाखरांची, झाडांची नावं ऐकली आणि टिपून ठेवली. निवृत्तीनंतर त्यांनी ते सगळं निवांत बसून लिहून काढलं. मराठीतला त्यांचा ‘पक्षिकोश’ त्यातूनच तयार झाला. 2025 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी जून महिन्यात, 92 व्या वर्षी, ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, ही मोठी माणसं! आमच्या आजोबांचं काय? अहो, छंद छोटा असो की मोठा, त्याला तीनच गोष्टी लागतात: आवड, संगत आणि वेळ. आवड प्रत्येकाला असतेच. संगत शोधली की सापडते. मुंबईत 1995 साली डॉ. मदन कटारिया यांनी बागेत पाच माणसं जमवून हसण्याचा क्लब सुरू केला. आज असे क्लब किती तरी देशांत आहेत! आपल्याकडे गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ असतात. त्यांचा राज्यभराचा महासंघ ‘फेस्कॉम’ या नावाने ओळखला जातो. एकत्र जमायचं, वाढदिवस करायचे, सहली काढायच्या, एकमेकांच्या दुखण्याखुपण्याला धावून जायचं, असं या संघांचं काम चालतं.

राहिली तिसरी गोष्ट, वेळ. आणि इथंच आपलं दुसरं गणित अडतं.

पारावर जाऊन मोजा

तुमच्या गावातल्या पारावर किंवा बसस्टँडवरच्या बाकांवर संध्याकाळी कोण बसलेलं असतं, ते जरा मोजून बघा. आजोबा किती आणि आज्या किती? बहुतेक गावांत उत्तर असं येईल: आजोबा दहा, आजी एकही नाही!

मग गावात आज्या कमी आहेत का? मुळीच नाही. 2011 च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढची माणसं दहा कोटींहून जास्त निघाली. त्यांत पुरुष साधारण 5 कोटी 10 लाख आणि बायका साधारण 5 कोटी 30 लाख. म्हणजे आज्या आजोबांपेक्षा जास्तच! मग त्या आहेत कुठे?

त्या घरात आहेत. कुणी ज्वारी निवडते आहे, कुणी नातवंडाला झोपवते आहे, कुणी दूध तापवते आहे. कुणी तर या वयातही खुरपायला नाहीतर कापूस वेचायला शेतात गेलेली आहे. खरं म्हणजे शेतकरी आजोबासुद्धा रिटायर होत नाहीत. पण शेतातून आल्यावर ते निदान पारावर टेकतात. आजी शेतातून येते ती थेट चुलीपाशी!

एस.टी.चंच घ्या ना. 2022 साली 75 वर्षांवरच्या सगळ्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला. 2023 साली सगळ्याच बायकांना निम्मं तिकीट झालं. म्हणजे गंगाखेडला जनाबाईच्या दर्शनाला जायचं, तर आजीला तिकिटाची अडचण राहिली नाही. अडचण आहे ती घरातून निघण्याची. ‘मी गेले तर दुपारच्या भाकरी कोण टाकणार?’ हा प्रश्न तिच्या पायात असतो.

दुपारी दोन ते चार

या अडचणीवर एका गावानं काय तोड काढली, ते ऐका. ठाणे जिल्ह्यात मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं छोटंसं गाव आहे. तिथले जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांना गावातल्या म्हाताऱ्या बायकांची एक खंत कळली. शिवजयंतीच्या कार्यक्रमात इतर जणी वाचत होत्या आणि या नुसत्या ऐकत होत्या. आपल्यालाही वाचता आलं असतं तर! लहानपणी यांना कुणी शाळेत घातलं नव्हतं. घरात भावंडं सांभाळायची होती, शेण काढायचं होतं, पाणी भरायचं होतं.

बांगर गुरुजींनी ठरवलं, की आज्यांसाठी शाळा काढायची. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टची मदत मिळाली आणि 8 मार्च 2016 रोजी, महिला दिनाला, ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. विद्यार्थिनींचं वय साठीपासून नव्वदीपर्यंत. गणवेश म्हणून गुलाबी नऊवारी. खांद्याला दप्तर, दप्तरात पाटी-पेन्सिल. शिकवणाऱ्या बाई गावातल्याच एक सूनबाई. त्यांच्या वर्गात त्यांची सासूही बसे! गृहपाठाला मदत कोण करणार? अर्थात नातवंडं. अंगठा उठवणाऱ्या हातांनी सही करायला शिकलं.

पण या शाळेची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट कोणती सांगू? तिची वेळ. शाळा भरायची दुपारी दोन ते चार. का? कारण तेवढ्याच वेळात आज्यांची सकाळची कामं उरकलेली असायची आणि संध्याकाळची सुरू झालेली नसायची. आज्या रिटायर झाल्या नव्हत्याच. गुरुजींनी त्यांच्या दिवसातले मोकळे दोन तास शोधले आणि शाळा तिथं नेऊन बसवली. आहे की नाही हुशारी?

कामातच लपवलेलं गाणं

मोकळा वेळ नव्हता, तर आपल्या आज्या-पणज्यांना छंदच नव्हते का? होते की! फक्त त्यांनी ते कामातच लपवून ठेवले होते. जुन्या लुगड्यांची गोधडी शिवताना टाक्यांची नक्षी काढायची. अंगण सारवलं की त्यावर रांगोळी. आणि सगळ्यांत मोठा छंद म्हणजे जात्यावरची ओवी. पहाटे दोघी जणी जात्याचा खुंटा धरून दळत आणि दळताना ओव्या रचून गात. माहेर, भाऊ, विठ्ठल, पाऊस, सासरचा जाच, सगळं त्या गाण्यात येई. परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडच्या संत जनाबाईंची गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल. त्यांचंही सगळं गाणं दळण-कांडणाशी जोडलेलं.

पुढे गावात पिठाची गिरणी आली. हात मोकळे झाले, खांदे दुखायचे थांबले, हे फार चांगलं झालं. पण जातं थांबलं आणि त्याच्याबरोबर ओवीही थांबली. ती पुसून जाऊ नये म्हणून हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून ओव्या गोळा केल्या. एक-दोन नाही हं, एक लाखाहून जास्त! त्या सांगणाऱ्या बायका तीन हजारांहून अधिक आणि गावं हजाराच्या वर. त्यात परभणी जिल्ह्यातलं ताडकळसही आहे. 2017 सालापासून ‘पारी’ ही संस्था या ओव्या गाणारणीच्या नावासकट प्रसिद्ध करत आली आहे. ज्यांना कुणी कवी म्हटलं नाही, त्यांची नावं अशी टिकली.

पण हजार गावं म्हणजे सगळी गावं नव्हेत. तुमच्या गल्लीतल्या आजीला येणाऱ्या ओव्या कुणी लिहून घेतल्या आहेत का? नसतील, तर त्या फक्त तिच्याच डोक्यात आहेत. ती गेली, की त्याही गेल्या. त्या पुन्हा कुठल्याही दुकानात विकत मिळायच्या नाहीत.

आणि फक्त ओव्याच नाहीत. 1972 च्या दुष्काळाचं बघा. आज सत्तरीत असलेल्या आज्या तेव्हा सोळा-सतरा वर्षांच्या होत्या. त्या दुष्काळात, 1973 च्या उन्हाळ्यात, महाराष्ट्रात जवळजवळ 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर राबत होती. खडी फोडणं, रस्ते करणं, तलाव खणणं अशी ती कामं. मराठवाड्याला त्याची मोठी झळ बसली. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि कामावर मिळणारी सुकडी यांची चव तुमच्या आजीला आठवत असेल. ‘सुकडी कशी लागायची गं?’ एवढं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. इतिहासाच्या पुस्तकात दुष्काळाला दोन ओळी असतात. आजीकडे त्याची दोन दिवस पुरेल एवढी गोष्ट असते.

आजीचा तास

तर आता आपल्या गणिताकडे वळू. आजीला कचेरी नाही, साहेब नाही, त्यामुळं निरोप समारंभही नाही. तिला रिटायर करायचं कुणी? दुसरं कुणी येणार नाही. ते घरातल्या माणसांनीच करायचं. एकदम पूर्ण जमणार नाही. आपण रोजच्या एका तासापासून सुरुवात करू.

हे करून पाहा:

1. एका कागदावर पहाटे चारपासून रात्री दहापर्यंतचे तास लिहा. आजीजवळ बसून प्रत्येक तासापुढं तिचं काम लिहा. शेजारच्या रकान्यात आजोबांचं आणि तिसऱ्या रकान्यात स्वतःचं लिहा. खोटं लिहायचं नाही हं! तुमच्या रकान्यात ‘टी.व्ही.’ आणि ‘मोबाइल’ किती वेळा येतं तेही दिसू द्या.

2. आता आजीच्या रकान्यातली अशी कामं शोधा, जी तुम्हाला येतात किंवा आठवड्यात शिकता येतील. धान्य निवडणं, पाणी भरणं, लहान भावंडाला सांभाळणं, कपड्यांच्या घड्या, अंगण झाडणं. त्यातलं एक तासाचं काम तुम्ही घ्या. मुलांनीही घ्यायचं, फक्त मुलींनी नाही! ताईच्या गळ्यात काम घालून आजीचा तास मोकळा केला, तर ते गणित चुकलंच म्हणायचं.

3. मोकळ्या झालेल्या तासाचं काय करायचं, हे आजीला ठरवू द्या. तिला भजनी मंडळात जायचं असेल, मैत्रिणीकडे गप्पा मारायला जायचं असेल, अक्षरं शिकायची असतील, परसात भेंडी लावायची असेल. परभणीच्या कृषी विद्यापीठानं तयार केलेली ‘परभणी क्रांती’ ही भेंडी तर आपल्या जिल्ह्याचीच! आणि तिला नुसतं पडून राहावंसं वाटलं, तरी हरकत नाही. इतकी वर्षं राबल्यावर निवांत पडणं हाही छंदच आहे.

4. तिला सांगायची हौस असेल, तर एक दोनशे पानी वही करा. ओवी, म्हण, औषधाची मुळी, बियाणं राखायची रीत, जे सांगेल ते लिहा. तिच्या तोंडचा शब्द आहे तसा ठेवा. पुस्तकी करायला जाऊ नका. प्रत्येक पानावर तिचं नाव, तिचं माहेरचं गाव आणि तारीख लिहायला विसरू नका. मोबाइलवर आवाज घेणार असाल, तर आधी तिला विचारा. ‘नको’ म्हणाली, तर नको.

5. आजोबांना सोडायचं नाही! त्यांच्याकडे वेळ आहे, अनुभव आहे. त्यांना म्हणावं, ‘आजोबा, तुम्ही 35 वर्षं नोकरी केलीत, आता रोज संध्याकाळचा चहा तुम्ही करा.’ सुरुवातीला साखर कमी-जास्त होईल. होऊ द्या. ज्यांनी शाळेत शंभर मुलं सांभाळली, त्यांना एक पातेलं सांभाळता येणार नाही का?

आई-बाबांसाठी दोन शब्द

हे पान तुम्हीही वाचत असाल, म्हणून सांगतो. आपण मुलांना सांगतो, ‘म्हाताऱ्या माणसांचा मान ठेवा.’ पण मान म्हणजे सणाला पाया पडणं एवढंच नव्हे. घरातली म्हातारी बाई दुपारी दोन तास कुठं जाते, काय करते, याचा कुणाला हिशेब द्यावा न लागणं, हाही मानच आहे. नोकरी करणाऱ्या घरांत नातवंडं आजीच्या भरवशावर वाढतात. ते तिचं प्रेम असतं, पण कामही असतंच. आठवड्यातला एक दिवस तरी तिला त्या कामातून सुट्टी द्यावी. शाळेतल्या शिपायालासुद्धा रविवार असतो!

संयुक्त राष्ट्रसंघानं 1990 साली ठरवलं, की दर वर्षी 1 ऑक्टोबर हा दिवस ज्येष्ठांसाठी पाळायचा. त्या दिवशी शाळेत किंवा ग्रामपंचायतीत एखादा कार्यक्रम करता येईल. पण सत्काराला नेहमीप्रमाणे फक्त निवृत्त गुरुजींना आणि साहेबांना बोलावू नका. गावातल्या दहा आज्यांनाही बोलवा. कुणी किती वर्षं चूल सांभाळली, किती वर्षं शेतात राबली, ते मुलांनी आधी विचारून लिहून आणावं आणि सगळ्यांसमोर वाचावं. 52 वर्षांच्या नोकरीला एक शाल काही जड नाही.

तोपर्यंत थांबायचं मात्र कारण नाही. कागद, पेन्सिल आणि घड्याळ तर घरात आहेच. आज आजीजवळ बसा आणि पहिल्या रकान्यात लिहायला लागा: पहाटे चार वाजता आजी काय करते? बोरी असो, जिंतूर असो नाहीतर पुणे-मुंबई, या प्रश्नाचं उत्तर किती जणांना न विचारता लिहिता येतं, ते मलाही बघायचंय!